श्वास पिणारा साप आणि आपण शहाणी माणसे

राजस्थानच्या मरुभूमीत, जैसलमेर-बाडमेर-बिकानेरच्या बाजूला आणि सरहद्दीपलीकडे सिंधच्या थरपारकरात, पीवणा नावाचा एक साप राहतो. दिवसा तो कुणाच्या दृष्टीस पडत नाही. रात्र चढली, वाळू निवली, माणसे अंगणात खाटा टाकून झोपली की तो येतो. खाटेवर चढतो, झोपलेल्याच्या छातीवर वेटोळे घालून बसतो, तोंड त्याच्या तोंडाशी नेतो आणि त्याचा श्वास पितो. म्हणूनच तो पीवणा, म्हणजे पिणारा. श्वास पिता पिता आपले विष तो माणसाच्या तोंडात सोडतो. जाताना शेपटीचा एक फटका मारून जातो. त्या फटक्याने माणूस जागा होतो, पण तोवर व्हायचे ते होऊन गेलेले असते. टाळूला फोड येतो. हा फोड सूर्योदयाआधी फोडला तर माणूस वाचतो, नाहीतर सूर्य उगवला की तो संपतो. कांद्या-लसणाचा वास या सापाला सोसत नाही, म्हणून जाणती माणसे उशाशी कांदा ठेवून झोपतात.

इतके नेमके, इतके तपशीलवार वर्णन खऱ्याखुऱ्या सापांपैकीही फार थोड्यांच्या वाट्याला आले असेल. त्यात एकच उणे आहे. असा साप नाही.

नाही, हे मी भीत भीत सांगत नाही. सापाला श्वास पिता येत नाही, आणि आला तरी त्याला त्याचा उपयोग नाही. आपण माणसे जी हवा बाहेर टाकतो, तीपेक्षा बाहेरची हवा त्याच्या फुप्फुसाला कितीतरी सोयीची असते. सापाचे विष हे त्याच्या भाकरीचे हत्यार आहे. ते तयार करायला त्याला अन्न खर्ची घालावे लागते. जो प्राणी आपल्याला गिळता येणार नाही, त्याच्यावर ते मुद्दाम जाऊन उधळणारा शिकारी निसर्गात टिकणार नाही. मी भाषेचा आणि इतिहासाचा विद्यार्थी, प्राणिशास्त्राची पदवी माझ्याजवळ नाही. पण कुठल्याही जनावराची गोष्ट कुणी सांगू लागला की एक प्रश्न विचारावा, असे मी माझ्या मुलांना सांगत आलो आहे: यात त्या जनावराला काय मिळते? पीवण्याला या सगळ्या रात्रीच्या उद्योगातून काहीही मिळत नाही. तो शिकार करतो आणि शिकार टाकून जातो. असा शिकारी फक्त गोष्टीत असतो.

आता कुणी म्हणेल, सीमाभागातल्या हेडमास्तराला राजस्थानातल्या दंतकथेशी काय देणेघेणे? तिकडचा साप तिकडे राहू दे. राहिला असता तर मीही लेखणी उचलली नसती. पण तो इकडे आला आहे. आमच्या भागात घरटी नसला तरी गल्लीआड एक फौजी असतो. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आहे, आणि इथून भरती झालेल्या पोरांपैकी कितीकांच्या नोकरीची काही वर्षे वाळवंटातल्या चौक्यांवर गेलेली असतात. ही माणसे सुट्टीवर येताना काजू-बदामाबरोबर गोष्टीही आणतात. पारावर बसून पीवण्याची गोष्ट सांगणारे दोन निवृत्त सुभेदार मी स्वतः ऐकले आहेत. दोघेही सज्जन, दोघेही खोटे न बोलणारे. त्यांनी तिथल्या माणसांकडून ऐकले तेच सांगितले. अलीकडे त्यांना मोबाईलची साथ मिळाली आहे. हिंदीतून कुणीतरी गंभीर आवाजात हीच कथा सांगतो, मागे पुंगी वाजते, चित्रात कुठल्यातरी भलत्याच सापाचा फणा डोलत असतो. आमची आठवीची पोरे ते पाहून एकमेकांना पाठवतात.

त्यातून काय होते ते सांगतो. काही वर्षांपूर्वी श्रावणात आमच्या शाळेतली एक मुलगी दगावली. रात्री जेवून भावंडांबरोबर जमिनीवर अंथरूण टाकून झोपली होती. पहाटे पोटात कळ येते म्हणून उठली, दोनदा ओकली. आईने ओवा दिला. उजाडल्यावर गावातल्या डॉक्टरांकडे नेले, त्यांनी पित्ताची सुई दिली आणि घरी पाठवले. नऊ वाजता तिच्या पापण्या उघडेनात. मुलगी झोपेला आली, रात्री झोप झाली नसेल, झोपू दे, असे घरच्यांना वाटले. मग थुंकी गिळता येईना, बोलणे घोगरे झाले. जीपमध्ये घालून शहराकडे निघाले, ती वाटेतच गेली.

मी भेटायला गेलो तेव्हा घरात बायकांची रड चालली होती आणि ओसरीवर पुरुष बसले होते. त्यात मुलीचे एक लांबचे काका होते, फौजेतून आलेले. ते म्हणाले, “राजस्थानात याला पीवणा म्हणतात. अंगावर खूण राहत नाही. श्वास पितो.” सगळ्यांनी माना डोलावल्या. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये मी हे सांगितले, तेव्हा आमच्या विज्ञानाच्या शिक्षकांनी हातातली पेन्सिल टेबलावर आपटली आणि म्हणाले, “सर, हे सगळे थोतांड आहे. मुलीला काहीतरी आजार असणार. साप चावला असता तर दातांचे व्रण नसते का? सूज नसती का?”

ओसरीवरचे काका आणि स्टाफरूममधले विज्ञान शिक्षक, दोघांनीही मण्यारीचे नाव घेतले नाही. माझे सगळे भांडण एवढ्यावरच आहे.

मण्यार हा आपल्याकडच्या चार मोठ्या विषारी सापांपैकी एक. नाग, मण्यार, घोणस, फुरसे ही यादी आमच्या मुलांना पाठ आहे, परीक्षेत दोन गुणांना येते. काळा चकचकीत अंगाचा, त्यावर पांढरे बारीक पट्टे. हे पट्टे मानेकडे विरळ किंवा नाहीसेच, शेपटीकडे ठळक. (बिनविषारी कवड्या सापाचे उलट असते, पट्टे डोक्याकडे स्पष्ट. तो भिंतीवर चढतो, दिसतो आणि मण्यार म्हणून मार खातो.) मण्यार दिवसा इतकी सुस्त की डिवचली तरी डोके वेटोळ्यात लपवते. रात्री मात्र उंदीर, पाली, दुसरे लहान साप यांच्या मागावर ती फिरते आणि त्यांच्या मागोमाग घरात शिरते. झोपलेल्या माणसाचा हात पडला, अंग दाबले गेले, की चावते. तिचे दात आखूड. चावा मुंगी-डास चावल्यासारखा, कित्येकदा तेवढाही कळत नाही. सूज नाही, रक्त नाही, व्रण शोधून सापडत नाही. ज्याला साप चावल्याची खूण म्हणून आपण शिकवतो आणि शिकतो, ते यात काहीच नसते.

आणि विष असे की ते रक्ताच्या वाटेला जात नाही, नसांच्या टोकांना गाठते. मेंदूचा हुकूम नसेतून येतो, नसेच्या टोकाशी एक रसायन सुटते, ते स्नायूला जाऊन भिडते आणि स्नायू आखडतो. मण्यारीचे विष हे टोकच निकामी करते. आधी पापण्या पडतात, मग गिळणे जाते, मग वाचा, मग हातपाय आणि शेवटी छातीचे स्नायू. हृदय चालू असते, शुद्ध असते, आणि श्वास थांबतो.

आता पुन्हा वर जाऊन पीवण्याची गोष्ट वाचा.

माणूस रात्री झोपेत असताना हे घडते. कुणाला साप दिसत नाही, चाव्याची खूण मिळत नाही. मरतो तो श्वास जाऊन मरतो. तोंडातून फेस आणि लाळ वाहते, कारण ती गिळण्याचे स्नायूच गेलेले असतात. पाहणाऱ्याला वाटते, तोंडात विष ओतले. मध्यरात्री चावलेल्याची अवस्था तासातासाने बिघडत पहाटेला, उजाडता उजाडता टोकाला जाते. म्हणून सूर्योदयाची ती अट. मधेच पोटात कळ येऊन माणूस दचकून उठतो, त्यालाच शेपटीचा फटका म्हटले असेल, असा माझा तर्क आहे. टाळूच्या फोडाचे मला काही सुचत नाही, तो मांत्रिकाच्या पोटापाण्यासाठी घातला असावा. फोड वेळेवर फुटला नाही म्हणून रोगी गेला, असे म्हणायला त्याला जागा राहते.

म्हणजे वाळवंटातल्या निरक्षर धनगराने, उंटवाल्याने, पाण्याच्या फेऱ्या करणाऱ्या बाईने जे पाहिले ते बरोबर पाहिले. क्रम बरोबर, वेळ बरोबर, लक्षणे बरोबर. डॉक्टरने केस लिहून घ्यावी तशी त्यांनी ती लिहून ठेवली, फक्त कागदाऐवजी गोष्टीत लिहिली. कारण मात्र त्यांना सापडले नाही, तिथे त्यांनी कल्पना भरली. ही कल्पना खोटी आहे. पण तिच्याबरोबर आमच्या विज्ञान शिक्षकांनी निरीक्षणही कचऱ्यात टाकले, आणि मला त्यांचा राग ओसरीवरच्या काकांपेक्षा जास्त आला. काकांनी निदान साप म्हटले होते.

आमच्याकडे अंधश्रद्धेविरुद्ध बोलणाऱ्यांची एक जात तयार झाली आहे, मी स्वतःला तिच्यातलाच समजतो, आणि म्हणून घरचा आहेर म्हणून हे बोलतो. धामण गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिते, नाग डूख धरतो, त्याच्या डोक्यावर मणी असतो, मांडुळाला दोन तोंडे असतात: यातली एकेक समजूत आपण व्याख्यानात उभी करतो, तिची टर उडवतो, टाळ्या घेतो आणि घरी येतो. मांडुळाच्या बाबतीत ते ठीक आहे, तिथे त्या समजुतीमुळे तो बिचारा गरीब साप लाखांच्या बोलीत चोरून विकला जातो. पण प्रत्येक समजूत एका मापाची नसते. काही निव्वळ हवेतल्या असतात, काहींच्या पोटात प्रेत असते. पीवण्याच्या पोटात शेकडो वर्षांची प्रेते आहेत. तिची टिंगल करणाऱ्याने टिंगल करून झाल्यावर “मग ती माणसे मेली कशाने?” या प्रश्नाचे उत्तर द्यायला थांबले पाहिजे. थांबत कुणी नाही. साप साप म्हणून भुई धोपटणे ही म्हण आपण भोळ्या लोकांसाठी वापरतो. साप नाही, साप नाही म्हणून भुई धोपटणाऱ्यांसाठी आपल्याकडे म्हण नाही.

दुसऱ्या बाजूलाही माझे तितकेच म्हणणे आहे. लोकसंस्कृतीचे कौतुक करणारे एक मंडळ असते. त्यांना पीवणा गूढरम्य वाटतो. “विज्ञानाला अजून न उकललेले मरुभूमीचे रहस्य” अशा मथळ्याचा मजकूर ते लिहितात, छापतात, वाचतात. रहस्य कसले? हे रहस्य किती काळापूर्वी उकलू लागले ते पाहा. ज्या उमरकोटात १५४२ साली अकबर जन्मला, त्याच उमरकोटच्या नमुन्यावरून १८९७ साली बुलेंजर या लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधल्या प्राणिशास्त्रज्ञाने मण्यारीची एक वेगळी जात शास्त्रात नोंदवली. तिला सिंध मण्यार म्हणतात. आपल्या साध्या मण्यारीच्या अंगावर मध्यभागी खवल्यांच्या पंधरा ओळी, तिच्या अंगावर सतरा-एकोणीस. थरच्या वाळूत राहणारी, रात्री फिरणारी, गुपचूप चावणारी. पीवणा म्हणजे बहुधा हीच, किंवा साधी मण्यार, असे सापांचे जाणकार सांगतात. या मण्यारींच्या कुळाचे शास्त्रीय नाव बंगारस. ते तेलुगूतल्या बंगारु या शब्दावरून आले, आणि आमच्या भागात बंगार म्हणजे सोने हे सांगायला कानडीचा मास्तर लागत नाही.

या सिंध मण्यारीची खरी कहाणी पीवण्याहून भीषण आहे, पण तिला पुंगीचे पार्श्वसंगीत नाही. आपल्या देशात सर्पदंशावर जी लस, म्हणजे प्रतिविष, मिळते ती वर सांगितलेल्या चार सापांच्या विषावरून करतात. घोड्यांना थोडे थोडे विष टोचून त्यांच्या रक्तातून ती मिळवतात. त्यासाठीचे बरेचसे विष तमिळनाडूत चेन्नईजवळच्या इरुळ सर्प पकडणाऱ्यांच्या सहकारी संस्थेकडून येते. ही संस्था १९७८ सालची. ज्यांचा पारंपरिक धंदा साप मारून कातडी विकण्याचा होता, त्या इरुळांना विष काढून साप सोडून देण्याचे काम देणारी. काम नमुनेदार, त्याबद्दल शंका नाही. पण विष तमिळनाडूतल्या सापाचे आणि रोगी जैसलमेरचा. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी २०१९ साली या चारांबाहेरच्या, दुर्लक्षित सापांच्या विषांवर बाजारातल्या लसी तपासून पाहिल्या. त्यात सिंध मण्यारीचे विष अतिशय जहाल निघाले आणि लस तिच्यापुढे तोकडी पडली.

म्हणजे बघा, पीवणा गोष्टीत आहे, मोबाईलवर आहे, लोकसाहित्याच्या चर्चासत्रात असेल, फक्त औषधाच्या बाटलीत नाही. गूढाचे कौतुक करणाऱ्या मंडळींनी यावर एखादे निवेदन काढलेले माझ्या वाचनात नाही.

विषय निघालाच आहे तर वाळवंटातल्या दुसऱ्या एका काल्पनिक जनावराचेही सांगतो. तिकडे गोयरा म्हणून एक सरड्यासारखे जनावर मानतात, ज्याचा चावा नागाहून विषारी, माणूस पाणी मागत नाही. उत्तर भारतात इतरत्र याच जनावराला बिसखोपडा म्हणतात. प्रत्यक्षात हे घोरपडीचे पिल्लू असते, अंगावर ठिपके-पट्टे असलेले, मोठ्या घोरपडीहून वेगळे दिसणारे, आणि भारतात माणसाला विषबाधा करून मारणारा एकही सरडा नाही. गंमत पाहा, तिकडे जी यमदूत, तिची चुलत बहीण आपल्याकडे मर्दानगीचे प्रतीक. सिंहगडाच्या कड्यावर दोर घेऊन चढणारी यशवंती आपली, आणि मुधोळच्या घोरपड्यांनी तर आडनावच तिच्यावरून घेतले. दोन्हीकडे जनावराला काही विचारलेले नाही. एकीकडे भीतीने मारतात, दुसरीकडे मटणासाठी आणि तेलासाठी मारतात, आणि १९७२ चा वन्यजीव कायदा दोन्हीकडे कपाटात राहतो. असो. घोरपडीचे पाप घोरपडीपुरते. तिच्या खोट्या गोष्टीने घोरपडी मरतात. मण्यारीच्या खोट्या गोष्टीने माणसे मरतात.

किती मरतात? २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे गेली, म्हणजे वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार, असा हिशेब २०२० साली प्रसिद्ध झाला. घरोघरी जाऊन मृत्यूंची चौकशी करून काढलेला हा आकडा आहे. मेलेल्यांत चारांतला एक पंधरा वर्षांच्या आतला. जवळजवळ निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले. सरकारी दप्तरातला आकडा यापुढे किरकोळ दिसतो, कारण दप्तरात जायला आधी दवाखान्यात मरावे लागते. आमची ती मुलगी कुठल्याच दप्तरात नाही. वाटेत जीपमध्ये मेलेल्याचा रकाना नसतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशाला दुर्लक्षित रोगांच्या यादीत घातले आणि २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे ठरवले. २०२४ च्या फेब्रुवारीत कर्नाटकाने सर्पदंशाची नोंद सक्तीची केली, त्याच वर्षी मार्चमध्ये केंद्राने राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. कागद चांगले आहेत. पण मण्यारीच्या दंशात सगळे घड्याळावर असते. लस फिरत असलेल्या विषाला पकडते, नसेच्या टोकात घुसून बसलेल्या विषाला ती बाहेर काढू शकत नाही. उशीर झाला तर कृत्रिम श्वासोच्छ्वासाचे यंत्र लावून, नसांची टोके पुन्हा धरेपर्यंत, दिवसेंदिवस वाट पाहावी लागते. यंत्र मिळाले तर माणूस उठून चालत घरी येतो, आणि यातच या मरणाचा सगळा संताप आहे. महाडसारख्या ठिकाणी खेड्यातल्या रोग्यांवर उपचार करता करता डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी मण्यार आणि नागाच्या दंशावर निबंध लिहिला, तो २००४ साली परदेशी नियतकालिकात छापून आला. विंचूदंशावरच्या त्यांच्या कामामुळे त्यांचे नाव सर्वांना माहीत आहे, हे काम कमी जणांना. म्हणजे ज्ञान महाडपर्यंत आलेले होते. तिथून आमच्या तालुक्यापर्यंत येणाऱ्या रस्त्यावर ते कुठे अडकले, हे मला कळत नाही.

पावसाळ्यात, जमिनीवर झोपलेला माणूस, पहाटे विनाकारण पोट दुखून ओकू लागला, तर व्रण असो वा नसो, मण्यार धरून चाला. पापणी जड झाली की वाद संपला. एवढे वाक्य त्या डॉक्टरांना, त्या काकांना आणि आमच्या विज्ञान शिक्षकांना ठाऊक असते तर पहाटे पाच ते नऊ हे चार तास ओव्यात आणि पित्ताच्या सुईत गेले नसते. दोर आवळून बांधू नये, चिरू नये, चोखू नये, हलू न देता थेट लस आणि यंत्र असलेल्या दवाखान्यात न्यावे. आणि उशाशी कांदा ठेवण्यापेक्षा मच्छरदाणी लावून तिच्या कडा अंथरुणाखाली खोचाव्यात. नेपाळच्या तराईत केलेली पाहणी २००७ साली प्रसिद्ध झाली, तीत मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना सर्पदंश फारच कमी झाल्याचे आढळले. मच्छरदाणी कांद्याहून महाग आहे हे मला कबूल आहे. खाटही महाग आहे. पाच माणसांच्या घरात एक खाट असते आणि तिच्यावर म्हातारा झोपतो, पोरे खालीच. हे व्याख्यानाने सुटणारे नाही, तो पंचायतीच्या पैशांचा प्रश्न आहे, आणि शाळेच्या स्नेहसंमेलनाला हारतुरे घेऊन येणाऱ्या सदस्यांना मी तो दरवर्षी विचारतो.

राहिला भाषेचा भाग, आणि इथे माझे वाचक माझ्यावर रागावतील. आमच्याकडच्या एका आरोग्य केंद्रात सापांचा रंगीत तक्ता लावलेला आहे. नागरहावु, कट्टुहावु, कोळकुमंडल, गरगस मंडल. सगळे कानडीत. चंदगडकडून इकडे दिलेली सून आपल्या नवऱ्याला घेऊन तिथे जाते आणि म्हणते मण्यार. समोरचा पोरगा गदगचा, त्याने मण्यार हा शब्द जन्मात ऐकलेला नाही. कट्टुहावु म्हणजेच मण्यार हे दोघांना सांगणारा तिसरा माणूस यावा लागतो. चारही सापांवर लस एकच आहे, म्हणून नावावाचून अडत नाही, हे खरे. पण लक्षणे सांगण्यावाचून अडते. ‘पापण्या पडतायत, गिळता येत नाही’ हे कुठल्या भाषेत सांगायचे?

पाट्यांवर मराठी हवी म्हणून आपण इतकी वर्षे लढलो. लाठ्या खाल्ल्या, खटले अंगावर घेतले, मीही त्या मोर्च्यांत चाललो आहे आणि त्याचा मला अभिमान आहे. पण दुकानाच्या, बसच्या, पालिकेच्या पाटीसाठी निवेदने देणाऱ्या आपल्यापैकी एकाने तरी दवाखान्यातल्या सापाच्या तक्त्यावर मराठीची ओळ हवी म्हणून कधी अर्ज दिला का? आणि आपल्या मराठी शाळांत जे तक्ते आहेत, त्यांवर कानडी नाव लिहायचे आपल्याला कधी सुचले का? कानडी शाळांतले माझे समव्यवसायी मित्र यावर माझ्याशी एका मिनिटात सहमत झाले, आणि मग आम्ही दोघेही आपापल्या व्यवस्थापनाला काय सांगायचे या विचारात पडलो.

आमच्या शाळेच्या दर्शनी फळ्यावर मी जूनपासून सुविचाराऐवजी मण्यारीची लक्षणे लिहून घेतो. वरची ओळ मराठीत, खालची कानडीत, आणि सर्वांत खाली १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक. मोठ्या वर्गातली मुले आळीपाळीने लिहितात. कानडी ओळीवर दोन पालकांनी आक्षेप घेतला. एक तर चिडूनच आले होते, मराठी शाळेच्या फळ्यावर हे कशाला म्हणून. मी त्यांना खुर्ची दिली आणि विचारले, आपल्या भागात रात्री येणाऱ्या १०८ च्या गाडीचा ड्रायव्हर कुठला आहे, ठाऊक आहे का? त्यांना ठाऊक नव्हते. तो हावेरीचा आहे. चहा घेऊन ते गेले, आणि ओळ अजून फळ्यावर आहे.